बोळ्याला लागलेला नाद

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण गुडघ्यांमुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला लागतात. तेव्हा सहा अंगांचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहेत. फोन बिघडलाय म्हणून लिहितोय. अक्षर कोंबडीच्या पायांचंच आहे, त्यात सुधारणा नाही.

दुकान ठीक. लोक अजून शिलाई मशीन वापरतात आणि अजून त्यात तेल घालायला विसरतात, त्यामुळे आपलं चाललंय. सांगण्यासारखी गोष्ट एकच. मला नाद लागलाय. या वयात लागेल असं वाटलं नव्हतं, पण लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी दुकान तासभर आधी बंद करतो आणि बाईंकडे जातो. सायकलच्या दुकानावर त्यांची खोली आहे. बायकोने आधी कुरकुर केली, पण तिथून आलो की मी शांत असतो हे बघून आता तीच म्हणते, जाऊन या. बाईंचं म्हणणं असं की माणूस एकदा नादी लागला की बाकीचं आपोआप सुटतं. मला तसा अनुभव येतोय. सविस्तर पुढे कधीतरी.

तुझा,
बोळ्या

११ फेब्रुवारी

बोळ्या,

आशीर्वाद राखून ठेवलेत. तुझं उत्तर आलं की द्यायचे की नाही ते ठरवीन.

तुझं पत्र मी चष्म्याशिवाय वाचलं, चष्म्याने वाचलं, आणि मग नीट दिसावं म्हणून खिडकीशी उभं राहून वाचलं. तिन्ही वेळा त्यात तेच लिहिलेलं होतं. साठी बुद्धी नाठी म्हणतात, तुझी एकसष्टीपर्यंत टिकली हेच नशीब म्हणायचं. कोण ही बाई? सायकलच्या दुकानावर भलं माणूस कशाला राहील? आणि तुझी बायको 'जाऊन या' म्हणते, याचा अर्थ एक तर ती देवमाणूस आहे किंवा तिने वकील गाठलाय.

आपल्या घरात आजवर नाद एकट्या धाकट्या काकांना होता, तोही कबुतरांचा. मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडल्या. 'आज कामावरून उशीर होईल' म्हणणारे किती पुरुष माझ्या कानावरून गेले, त्याची गणती नाही. त्यातला एकही घरी येऊन शांत झालेला नव्हता. तू झालास, म्हणजे प्रकरण फार पुढे गेलंय.

आणि फोन बिघडला म्हणे. दुनियेची मशीनं दुरुस्त करतोस आणि स्वतःचा फोन बिघडलेला. याला दिव्याखाली अंधार म्हणतात. मी रोज लावते, घंटा जाते, तू उचलत नाहीस. बिघडलेल्या फोनची घंटा जात नसते, हे मला शिकवू नकोस.

उलट टपाली खरं काय ते कळव.

ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. राखून ठेवलेले आशीर्वाद मोकळे कर, मी निर्दोष आहे.

तुझं पत्र बायकोने वाचलं आणि ती इतकी हसली की शेजारीण चौकशीला आली. बाई सत्तरीच्या आहेत. आधी मुलांना पोहायला शिकवायच्या, आता योग शिकवतात. नवरा आहे, खाली सायकली दुरुस्त करतो. आणि नाद म्हणजे आवाज, ताई, आतला आवाज. या साधनेला नादानुसंधान म्हणतात. अंगठ्यांनी दोन्ही कान बंद करायचे, डोळे मिटायचे आणि आत जे ऐकू येईल ते ऐकत बसायचं. बाई सांगतात, दोन वस्तू एकमेकींवर आपटल्या की होतो तो आहत नाद. जगातले सगळे आवाज आहतच, माझ्या मशीनचे काय आणि तुझ्या जिभेचे काय. पण कशावर काहीही न आपटता आत चालूच असतो तो अनाहत. तो आधी समुद्रासारखा मोठा ऐकू येतो म्हणे, मग नगाऱ्यासारखा, मग घंटा, मग बासरी, आणि शेवटी भुंग्यासारखा अगदी बारीक. बारीकाच्या आतला आणखी बारीक धरत जायचं. त्यात मन मुरलं की ते उनाडक्या करत नाही.

वर्गात आम्ही अकराजण. एक निवृत्त पोस्टमन आहे, त्याला तीन महिने फक्त स्वतःचं पोट ऐकू येतंय. एक कुलूपवाला आहे, तो अंगठे इतके दाबतो की कान लालबुंद होतात, पण आत सामसूम. मला मात्र पहिल्याच दिवशी लागला. समुद्र नाही, नगारा नाही, थेट शेवटचा. 'ईऽऽऽ' असा बारीक, एकसारखा, मध्ये श्वाससुद्धा घेत नाही. शिवाय जुन्या जाणत्यांनी सांगून ठेवलंय की हा नाद <u>उजव्या</u> कानात ऐकावा. माझा आपोआप उजव्यातच आहे, म्हणून त्या शब्दाखाली रेघ मारलीय. मी हे सांगितल्यावर बाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. पोस्टमन हल्ली माझी चटई स्वतः अंथरतो.

चाळीस वर्षं मशीनला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरली आणि आत काय घासतंय ते ऐकलं. त्याचीच ही पुण्याई असावी. तूही करून बघ, पद्धत मागच्या पानावर लिहिली आहे.

तुझा निरपराध,
बोळ्या

३ मार्च

बोळ्या,

अनेक आशीर्वाद, मागच्या पत्रातले धरून.

तुझ्या पद्धतीने बसले. पहिल्या दिवशी घूंऽऽ ऐकू आलं आणि मी हरखले. तो फ्रिज निघाला. दुसऱ्या दिवशी फ्रिज बंद करून बसले, तर गडगडाट. हाच तो नगारा, असं वाटून अंगावर काटा आला. पण तो वरच्या मजल्यावरच्यांचा पाण्याचा पंप होता. वर जाऊन भांडले. ते गृहस्थ म्हणाले, एवढं काय करता शांततेचं? मी तुझं पत्र दाखवलं, तर वाचायला म्हणून ठेवूनच घेतलं. आता तेही बसतात, त्यामुळे तेवढा वेळ पंप बंद असतो. अध्यात्माचा हा फायदा तुझ्या बाईंना कळव. तिसऱ्या दिवशी मात्र आत खरोखर आवाज आला. अगदी स्पष्ट, आणि बाईचा. 'थांबा, जोडून देते,' असं म्हणाली. माझाच होता. तीस वर्षं जे बडबडले ते आत साठून राहिलंय.

हसून झालं असेल तर आता पुढचं वाच. मला आठ दिवसांत फ्रिज, पंप आणि मी स्वतः एवढंच मिळालं. पोस्टमनला पोट मिळालं. तुला एकट्यालाच पहिल्या दिवशी शेवटचा नाद कसा लागला? एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारी बसणारीलाही असाच लागला होता. बारीक, एकसारखा, श्वास न घेणारा. तिच्यासाठी कुणी चटई अंथरली नाही, तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

बोळ्या, हा आवाज तू वर्गात जायच्या आधीपासून आहे का? आणि फोन खरंच बिघडलाय का?

ताई

१४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. कामाची गर्दी आहे म्हणून कार्डावर भागवतोय. कान ठणठणीत आहेत. साधनेत सगळ्यांची गती सारखी नसते, तू मन खट्टू करून घेऊ नकोस. फोनचा सुटा भाग मिळत नाही. बाकी क्षेम.

बोळ्या

२ एप्रिल

ती. वन्संना,

नमस्कार. हे पत्र ह्यांच्या नकळत लिहितेय. तसं समोर बसून मोठ्याने म्हणत लिहिलं असतं तरी नकळतच झालं असतं.

फोन बिघडलेला नाही. तो बॉबिनच्या डब्यात ठेवलाय. कानातल्या शिट्टीपुढे पलीकडचं बोलणं ह्यांना कळत नाही आणि 'काय, काय' करायची लाज वाटते. मी म्हटलं 'पाहुणे आलेत', तर म्हणाले 'पाव नेले? कोणी?' काल मी म्हटलं 'दिवा लावा', तर हातातलं टाकून धावत आले, 'जिवाला काय झालं?' मला हसावं की रडावं कळेना, म्हणून चहा केला.

दुकानाचं मात्र हसण्यासारखं राहिलेलं नाही. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचं मशीन तिसऱ्यांदा परत आलं. चालवलं की असं किंचाळायचं की मांजर दुकान सोडून गेलं. हे म्हणाले, लोण्यासारखं चालतंय. मला कळलं तेव्हा आम्ही एक युक्ती काढली. म्हणजे त्यांनी काढली आणि मला सांगितली नाही. मशीन आलं की मला हाक मारतात, 'जरा चालव, मला लांबून ऐकायचंय.' आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी तोंड वाकडं केलं की म्हणतात, 'हं, शटल.' एवढ्यावर दुकान चाललंय, वन्सं. परवा मला शिंक आली तर एका चांगल्या मशीनचा पट्टा बदलला.

नोव्हेंबरातच आम्ही कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलोय. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती, ती आज मोडतेय. एका कानाचं ऐकणं निम्म्यावर आलंय आणि त्यातली शिट्टी थांबणारी नाही म्हणाले. कानात यंत्र घाला म्हणाले, तर हे ऐकत नाहीत. म्हणतात, मशीनवाल्यालाच मशीन लागलं तर लोक माझ्याकडे मशीन कशाला आणतील? डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी कानावर कधी मार बसला होता का? तर हे 'कधीच नाही' असं एवढ्या जोरात म्हणाले की बाहेरचे पेशंट आत डोकावले. तुम्हाला काही आठवतं का?

तुमची,
भावजय

९ एप्रिल

चि. भावास,

अनेक आशीर्वाद. नेहमीच्या नावाने हाक मारायला आज हात उचलत नाही, कारण पुढे कळेल.

तुझ्या बायकोला रागावलास तर याद राख. तिने सगळं लिहिलंय.

डॉक्टरला तू खोटं का सांगितलंस? तू नऊ वर्षांचा होतास आणि मी सोळाची. माझी परीक्षा होती, मी गजर लावून झोपले. गजर आतून कसा वाजतो हे बघायला तू रात्रीच घड्याळ उघडून ठेवलंस. सकाळी गजर वाजला नाही, म्हणून मी तुझ्या कानाखाली वाजवली. सगळी ताकद लावून वाजवली. तू रडला नाहीस, नुसता कान धरून उभा राहिलास. मी अर्धा तास उशिरा पोहोचले आणि पास झाले ती झालेच. म्हणजे मारायचं काही कारणसुद्धा उरलं नाही.

आईने कोमट तेलाचा बोळा घातला. पंधरा दिवस तू तो कानात घेऊन फिरलास आणि सगळे तुला बोळ्या म्हणायला लागले. बावन्न वर्षं मी तुला त्या नावाने हाक मारतेय. पण एकदाही, एकदाही विचारलं नाही की बाबा रे, कान बरा झाला का?

तुझा नाद अनाहत नाही. आहत आहे. दोन वस्तू आपटल्या, माझा हात आणि तुझा कान. तो आवाज अजून चालू आहे आणि तू त्याला पुण्याई म्हणतोस.

आता खरं लिही. मी डावखुरी. तू समोर उभा होतास, म्हणजे माझा हात तुझ्या उजव्या कानाखाली बसला. शिट्टी कुठल्या कानात आहे? तुझ्या पहिल्या लांबलचक पत्रात काहीतरी लिहिलं होतंस असं पुसट आठवतंय, पण ते पत्र पंपवाले परत देत नाहीत आणि ते स्वतः गावाला गेलेत. दुसरं काही लिहू नकोस. फक्त कान लिही.

ताई

१९ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार.

डावा.

तुझ्या सांगण्याप्रमाणे इथेच थांबणार होतो, पण पान कोरं राहिलंय. तुझी भूमिती बरोबर आहे, फक्त निकाल चुकला. तुझा हात बसला उजव्या कानाखाली. शिट्टी वाजते डाव्यात. उजवा कान इतका चांगला आहे की त्यातून मला शेजारच्यांची भांडणं ऐकू येतात. थोडक्यात, यात तुझ्या हाताचा हात नाही. डॉक्टरांचं म्हणणं, चाळीस वर्षं मशीनं कानाशी घेतल्यावर दुसरं काय होणार? त्यांना मी मार बसला नाही म्हणालो, कारण त्याला काय मार म्हणायचं, ताई? आईचा हात तू बघितलाच आहेस.

बायकोला मी रागावलो नाही. रागावलो असतो तर तिने काय उत्तर दिलं ते मला कळलं नसतं, मग रागावण्यात मजा काय?

आता खरं सांगतो. नोव्हेंबरात मी पार घाबरलो होतो. माझे कान गेले तर हातात फक्त पाना उरतो, आणि पाना काय, कुणीही धरतो. बाईंकडे मी अध्यात्मासाठी गेलोच नव्हतो. 'हे तेवढं बंद करून द्या,' असं सांगायला गेलो होतो. पण तिथे सगळे तोच आवाज शोधत बसलेले. मला तोंडच उघडवेना, मग म्हटलं, मलाही लागला. बाईंना त्याच दिवशी कळलं होतं, म्हणून त्या बघत राहिल्या. वर्ग संपल्यावर जवळ येऊन म्हणाल्या, तो बंद करणं माझ्या हातात नाही, पण तुम्ही त्याच्याशी झटापट करताय ती थांबवता येईल. पाण्यात हातपाय झाडतो तोच आधी दमतो. मग मी त्या शिट्टीजवळ नुसता बसायला लागलो. ती थांबत नाही. पण आता ती आणि मी एका खोलीत राहू शकतो. भाडेकरू म्हण. घर तिच्या नावावर झालेलं नाही.

गेल्या मंगळवारी वर्गात सगळ्यांना खरं सांगून टाकलं. वाटलं, चटई गेली. पोस्टमन म्हणाला, तुम्ही निदान जे आहे ते ऐकता, मी पोटाला तीन महिने समुद्र म्हणत होतो. चटई चालू आहे.

यंत्राचं बघू. आणि मला चि. भावास वगैरे लिहू नकोस. कुणाला लिहितेस तेच कळत नाही.

तुझा,
बोळ्या

२७ एप्रिल

बोळ्या,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून छातीवरचा दगड उतरला. तीन दिवस गाढ झोपले. चौथ्या दिवशी पंपवाले गावाहून आले आणि तुझं वीस फेब्रुवारीचं पत्र परत देऊन गेले. त्यांना अजून काही ऐकू येत नाही, पण त्यांच्या बायकोला ते पहिल्यांदाच शांत बसलेले दिसले, म्हणून ती तुझे आभार मानते.

त्या पत्रात एका शब्दाखाली तू रेघ मारली आहेस. मी तो शब्द चष्म्याशिवाय वाचला, चष्म्याने वाचला आणि खिडकीशी उभं राहून वाचला.

तीस वर्षं मी लोकांचं खोटं ऐकलं. बहुतेक जण स्वतःला वाचवायला बोलायचे, ते लगेच ओळखू यायचं आणि मला हसू यायचं. पलीकडच्याला वाचवायला खोटं बोलणारे फार थोडे. त्यांची लाइन मी कधी तोडली नाही. तुझीही तोडणार नाही. डावा म्हणालास, डावा तर डावा. फक्त पत्र मिटून ठेवलं आणि खूप रडले, एवढं तुला कळावं म्हणून लिहिते. आणि चुकलं माझं. त्या दिवशीच म्हणायला हवं होतं.

यंत्राचं 'बघू' नाही, घ्यायचं. बायकोच्या तोंडावर दुकान किती दिवस चालवशील? तिला पडसं झालं तर गावातल्या सगळ्या मशीनचे पट्टे बदलशील. डॉक्टरकडे मी बरोबर येईन आणि या वेळी मार बसला होता का विचारलं तर मी उत्तर देईन. लोक काय म्हणतील याची काळजी सोड. तुझ्या दुकानात येणारा एक चष्मा लावून येतो, दुसरा कवळी लावून.

मी गुरुवारी रात्रीच्या बसने निघतेय, शुक्रवारी सकाळी सहाला पोहोचेन. संध्याकाळी वर्गाला तुझ्याबरोबर येणार, पोस्टमनला दोन चटया अंथरायला सांग. फ्रिज आणि पंप तिथे नसतील, तेव्हा मला काय ऐकू येतं ते बघू. मी काही ऐकलं नाही तरी चालेल, तू ऐकत असशील तिथे शेजारी बसायचंय.

थांब्यावर घ्यायला ये. पाचचा गजर लाव. तो वाजला नाही तर काय वाजतं, ते तुला ठाऊक आहे. घड्याळ उशाशी ठेव, आणि डाव्या बाजूला ठेव.

तुझी,
ताई